पोटातल्या पाच चकत्या

"गोठलेल्या नदीतून मासा काढणारा माणूस वृद्धाश्रमात जात नाही!" बोंगसूआजोबांनी बर्फावर स्टूल आपटून जाहीर केलं. त्यांना चुनचॉनच्या वृद्धाश्रमात ठेवायचा बेत घेऊन मुलगा तेसक आणि सून मीरान सोलहून गावी आले होते. कारण काय, तर म्हणे आजोबा विसरतात! दोनदा गॅस चालू राहिला, म्हणून काय माणूस मोडीत काढायचा?

"एक मासा काढून दाखवा, बाबा. विषयच बंद!" तेसक म्हणाला. "पण जमणार नाही. या थंडीत मासे जगले तरी पुष्कळ."

हा पोरगा पन्नास वर्षांत बापाशी एकदा तरी सहमत होईल तर शपथ!

"अरे शहाण्या, ट्राउट थंडीत मरत नाही, काटकसर करतो. तळाशी पाणी जरा उबदार, तिथे पडून राहायचं. हालचाल कमी, श्वास कमी. आणि पचन इतकं मंद, की सकाळी गिळलेलं संध्याकाळीही पोटात जसंच्या तसं!"

"काहीतरीच, बाबा."

मीरानने किंबापचा डबा उघडला. बाहेर जेवायचं तर पहिला वाटा भुताखेतांचा. आजोबांनी भाताच्या गुंडाळीतली पिवळ्या मुळ्याची चकती उपसली, "गोसुरे!" असं ओरडून गळाची दोरी सोडलेल्या बर्फातल्या भोकात टाकली आणि बाकीची गुंडाळी स्वतःच्या तोंडात कोंबली. भुतांना मुळाच आवडतो हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं, कारण त्यांना स्वतःला तो आवडत नसे.

दहा मिनिटांनी दुसरी गुंडाळी. "गोसुरे!"

"अहो बाबा, आत्ताच तर टाकलात!"

"मी? कधी?"

चेहरा इतका निरागस, की मीरान हसता हसता स्टुलावरून घसरली. तिला वाटलं, सासरे थट्टा करताहेत. तिसऱ्यांदा "गोसुरे!" झालं, चौथ्यांदा झालं. पाचव्यांदा तर तेसकच आधी ओरडला. साध्या रिवाजात एवढं हसण्यासारखं काय, हे आजोबांना कळेना.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला! आजोबांनी भराभर ओढली आणि हातभर ट्राउट बर्फावर तडफडू लागला.

"कोण विसरतं रे? बोल ना, कोण विसरतं?"

वरात निघावी तसे तिघे काठावरच्या मासे भाजायच्या तंबूत शिरले. तिथल्या बाईने माशाचं पोट चिरलं आणि ती किंचाळलीच.

"अगंबाई! मुळा! एक, दोन... पाच चकत्या! अगदी जशाच्या तशा! कुणी चारलं हो याला?"

मीरानचं हसू विरलं. तेसक बापाकडे बघत राहिला.

"बाबा, ती थट्टा नव्हती?"

आजोबांनी चकत्या पुन्हा पुन्हा मोजल्या. एक आपण टाकली, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण बाकीच्या चार?

"शेजारच्या भोकातून आल्या असतील," ते म्हणाले. "ते जाऊ दे. पैज मी जिंकलो ना?"

"हो बाबा. जिंकलात."

"आणि थंडीत त्याला पचत नाही, तेही खरं ना?"

"हो बाबा. तुमचंच बरोबर."



"असं काय करतोस रे?" त्यांनी पोराची बाही धरली. "भांड ना माझ्याशी!"