जेवणासाठी तहकूब

एका जंगलात, मुलांनो, अस्वलाचं राज्य होतं. अस्वल बहुतेक वेळ झोपलेलं असे. त्यामुळे जंगलाचं बरं चाललं आहे, असं सगळ्यांचं मत होतं.

त्या जंगलात शलाका नावाची एक पाकोळी, म्हणजे दरडीत बीळ करून राहणारं चिमुकलं पाखरू, परत आली. ती सात डोंगरांपलीकडच्या शाळेत शिकायला गेली होती. तिथे तिला तिच्याच जंगलाविषयी शिकवलं होतं. तुझ्या जंगलात एक गोल गुहा आहे. त्या गुहेत सभा भरते. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळे तिथे बसतात आणि भांडतात. मधोमध फिर्यादीचा दगड आहे. त्या दगडावर जो उभा राहील, त्याचं ऐकून निर्णय दिल्याशिवाय सभेला उठता येत नाही. हे कलम चौदा. घरची आठवण आली, की बाकीच्या मुली आईचं नाव काढत. शलाका कलम चौदा म्हणत बसे.

तिला वाटलं होतं, गुहा दिसण्याआधी गोंगाट ऐकू येईल. कोणीतरी कोणालातरी खोटारडा म्हणत असेल. कोणी पाय आपटत बाहेर पडत असेल आणि दुसरं कोणी त्याची समजूत घालून त्याला आत नेत असेल.

प्रत्यक्षात गुहेच्या तोंडाशी रांग होती. हातात पळसाच्या पानाचं तिकीट देत होते. आत शिरल्याबरोबर समोर पाटी होती: शांतता राखा.

शलाका हौसेने आली नव्हती. ओढ्याच्या काठाला मातीची उंच दरड होती. तिच्यात पाकोळ्यांची एकशेदहा बिळं होती आणि बिळांत पिलं होती. पिलांना उडायला अजून पंधरा दिवस हवे होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुकरं ती दरड खणणार होती. तसा हुकूम निघाला होता. गोल गुहेसमोर अस्वलमहाराजांचा पुतळा उभा राहायचा होता, 'प्रजेचं ऐकणारे महाराज' या नावाचा. त्याचे कान आंब्याच्या झाडाएवढे करायचे होते. त्या कानांसाठी चिकट माती लागणार होती आणि तशी माती फक्त त्या दरडीत होती.

सगळ्या पाकोळ्या शलाकाच्या तोंडाकडे बघत होत्या. आई म्हणाली होती, "तुला एवढं शिकवलं ते कशासाठी? जा आणि बोल."

म्हणून ती बोलायला आली होती.

गुहेचा कारभार घोरपडेकाकांकडे होता. हे गृहस्थ घोरपड. चाळीस वर्षं ते सभेचे द्वारपाल होते. सभा गेली, दार राहिलं, आणि काका दाराला धरून राहिले. शलाकाने त्यांना विचारलं, की सभा किती वाजता भरते.

"भरते म्हणजे?" काका म्हणाले. "ही काय, समोर आहे ना सभा. बघ, कशी नीट ठेवली आहे."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. पूर्वी सभा वापरात होती, तेव्हा तिचे फार हाल होत. लोक चिखलाचे पाय घेऊन यायचे. बाकांवर नखं ओढायचे. रोज आरडाओरडा. एक दिवस महाराजांना जाग आली आणि ते म्हणाले, की इतकी पवित्र वस्तू रोज वापरली तर झिजून जाईल. म्हणून वापर बंद केला. त्याला आता नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून सभेला एक ओरखडा नाही.

"पण मग फिर्याद असली तर कुठे सांगायची?" शलाकाने विचारलं.

"फिर्यादींचं दालन डावीकडे आहे," काका म्हणाले. "निवडक शंभर फिर्यादी मांडल्या आहेत. अक्षर फार सुंदर आहे एकेकाचं."

त्या दिवशी वानरींचं भगिनी मंडळ सहलीला आलं होतं. एकतीस वानरी होत्या आणि त्यांच्या अध्यक्षा शेवंताबाई. काकांनी शलाकाला त्यांच्यातच घातलं आणि माहिती सांगायला सुरुवात केली. हे कवठ, अर्थसंकल्पाच्या वेळी फेकलेलं, अस्सल आहे. ही घंटा, बोलणाऱ्याला थांबवण्यासाठी होती. ही दुसरी घंटा, पहिली ऐकू न येणाऱ्यांसाठी. उजवीकडे सत्ताधारी बाक. डावीकडे विरोधी बाक, त्यांवर बसलेत ते गवताचे आहेत. एका वानरीने विचारलं, की खऱ्या विरोधकांचं पुढे काय झालं. काका म्हणाले, की ते वेगळ्या दालनात आहे आणि ते दालन दुरुस्तीसाठी बंद आहे.

"केव्हापासून?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली. काम नीट करायचं म्हटलं की वेळ लागतो."

वानरी हो हो म्हणाल्या. त्यांच्यातल्या दोघी जेवण कधी, ते विचारत होत्या.

शेवटी काकांनी सगळ्यांना एका उंच कोनाड्यापाशी नेलं. तिथे सभेच्या इतिवृत्ताचं शेवटचं पान ठेवलं होतं. काकांचा आवाज इथे हळवा झाला. शेवटच्या दिवशी काय झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शलाका पान वाचू लागली. हजर सदस्य अमुक. प्रश्न तमुक. आणि तळाशी एकच ओळ: दुपारच्या जेवणासाठी सभा तहकूब.

ती ओळ शलाकाने तीनदा वाचली.

मुलांनो, दूर जाऊन शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. घरच्यांनी जे पान नऊ वर्षं नुसतं पुसून ठेवलं, ते तो वाचतो.

"काका, सभा बरखास्त केल्याचं पान कुठे आहे?"

"असं पान नाही."

"म्हणजे सभा उठलीच नाही."

"उठली की. मी दार लावलं ना."

"जेवायला उठली. जेवून परत यायची आहे. कलम नऊ. तहकूब सभा ही चालू सभा समजावी."

काकांनी मान डोलावली. त्यांना कलमं पाठ होती, ती तर बाहेर भिंतीवर कोरली होती. पण कलमाचा उद्याच्या दिवसाशीही काही संबंध असतो, हे त्यांनी बऱ्याच वर्षांत कोणाकडून ऐकलं नव्हतं.

आता त्या गुहेत एक पद्धत होती. माहिती सांगून झाली, की काका पाहुण्यांना बाकांवर बसू देत. मग एक गमतीचा ठराव मांडायचा, सगळ्यांनी हात वर करायचे, आणि काका पानावर ठराव लिहून, शिक्का मारून, आठवण म्हणून देत. पाहुणे खूश होत. आदल्या दिवशी काळविटांनी उन्हाळा रद्द केला होता.

वानरी बाकांवर बसल्या आणि शलाका त्यांना मोजू लागली. कलम तीन: बाकावर जो बसला, तो सदस्य. पूर्वी कोणी याद्या करत नसे, म्हणून हे कलम होतं. सभेला एकवीस सदस्य पुरत. समोर शेवंताबाई धरून बत्तीस होत्या.

ती उडाली आणि फिर्यादीच्या दगडावर जाऊन उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. दरड किती जुनी, ते सांगितलं. आतल्या पिलांना अजून पिसं फुटताहेत, ती अंधारात तोंड उघडून बसतात आणि दाराशी सावली पडली की आईच आली असं समजतात, तेही सांगितलं. उद्या जी सावली पडेल ती सुळ्याची असेल, म्हणाली. ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्याच घराच्या मातीतून ऐकणाऱ्याचे कान करायचे, हे कुठल्या न्यायात बसतं, असं तिने विचारलं. मग तिने ठराव मांडला, की दरड खणू नये.

बत्तीसही जणींचे हात वर झाले. काहींनी दोन्ही हात वर केले. एकीने शेपूटसुद्धा.

मग टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. कोणीतरी म्हणालं, की मागच्या सहलीतल्या कठपुतळ्यांपेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. शेवंताबाई उठून दगडापाशी आल्या आणि त्यांनी शलाकाच्या पाठीवर हात ठेवला.

"गुणी आहेस, बाळ. फक्त पिलांचं सांगताना रडायला हवं होतंस. माणूस तिथे वाट बघत असतो."

"मावशी, हे खरं आहे," शलाका म्हणाली.

"तेच तर. अगदी खरं वाटलं."

काकांनी ठराव सुंदर अक्षरात लिहिला. शिक्का मारला. शलाकाला ते म्हणाले, की तिने रोज यावं, अकराला आणि चारला. लोकांना आवडेल. खाण्यापिण्याची सोय होईल. आणि सभा कशी असते, ते पुढच्या पिढीला कळेल. ते हे मनापासून म्हणत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते.

शलाका पान चोचीत धरून उडाली.

दरडीपाशी रानडुकरांचा मुकादम धोंडीबा पांढऱ्या फक्कीने रेघा आखत होता. उद्या कुठून सुरुवात करायची, त्या रेघा. शलाकाने पान त्याच्यापुढे ठेवलं. धोंडीबाने ते पुढच्या पायांत घेतलं, कपाळाला लावलं आणि सावकाश वाचलं.

"शिक्का छान उठलाय," तो म्हणाला.

"मग उद्याचं खणणं बंद?"

"नाही, ताई. तिथले ठराव इथं लागू होत नाहीत. दर आठवड्याला कोणीतरी आणतंच. मी सगळे जपून ठेवलेत."

शलाकाने विचारलं, की इथे लागू होतात ते ठराव कुठे होतात. धोंडीबाने बराच विचार केला. आपल्याला माहीत नाही, म्हणाला. आपल्याला खणायला सांगितलंय. सांगणाऱ्याला कोणी सांगितलं, हे विचारायची पद्धत नाही. तो वाईट नव्हता, मुलांनो. रेघ आखताना एका बिळातून पिलू डोकावलं, तर त्याने रेघ जरा वळवून घेतली होती. पण ती उद्या पुन्हा सरळ करावी लागणार, हेही त्याला माहीत होतं.

"धोंडीबा, तुमचा सुळा कशाने थांबतो?" शलाकाने विचारलं.

"जुनं काही निघालं तर. मागच्या साली नाल्यापाशी एक फुटकं मडकं निघालं. आठ महिने काम बंद. वर पहारा बसला."

"इथे एकशेदहा घरं आहेत."

"हो, पण त्यात तुम्ही राहता ना." धोंडीबा हळू आवाजात बोलला. "राहत्या घराची अडचण नसते, ताई. राहणाऱ्याला उठवता येतं. कोणी राहत नसलं, की मग मात्र हात लावता येत नाही."

तो पुन्हा रेघा आखू लागला.

संध्याकाळी दरडीवर बैठक बसली. शलाकाने सगळं सांगितलं, टाळ्यांचंसुद्धा. कोणी तिला बोल लावला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं. एक म्हातारा पाकोळा म्हणाला, की पोरीने प्रयत्न केला. जंगलात हे वाक्य कोणी वारल्यावर म्हणतात.

पहाटे शलाका आईच्या बिळात गेली. आई पिलांना भरवत होती. शलाका म्हणाली, की तिने ठरवलं आहे. आज आपण सगळ्यांनी मरायचं.

आईने तिच्याकडे पाहिलं. पिलाच्या तोंडातला किडा तसाच राहिला.

"खरंखुरं नाही," शलाका म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कोणी आलं की हलायचं नाही, बोलायचं नाही. भरवायचं ते उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर."

"आम्ही तुला बोलायला पाठवलं होतं."

"मी बोलले, आई. फार छान बोलले. सगळ्यांना आवडलं."

 आईने पिलाच्या तोंडातला किडा आत ढकलला आणि शेजारच्या बिळांना निरोप द्यायला निघाली.

उजाडताना रानडुकरं आली. चाळीस होती. दरडीपाशी एक पाटी उभी होती. पाटीची माती अजून ओली होती आणि अक्षर जरा घाईचं होतं.

'प्राचीन पाकोळी वसाहत. येथे पूर्वी पाकोळ्या राहत असत. त्या एकमेकींशी बोलत असत, असे मानले जाते.'

पाटीच्या वर, पहिल्या बिळाच्या तोंडाशी, शलाका बसली होती. पंख मिटलेले, डोळे उघडे, नजर कुठेच नाही.

धोंडीबाने पाटी वाचली. मागच्या एका तरुण डुकराने सांगितलं, की ती पाकोळी श्वास घेते आहे. धोंडीबा म्हणाला, की वारा आहे. इतक्यात आतून कुठूनतरी एक पिलू चिवचिवलं, आणि आणखी एक.

सगळी डुकरं धोंडीबाकडे बघू लागली.

"जुन्या जागेत आवाज येतातच," धोंडीबा म्हणाला.

त्याने पुढचे पाय जोडले. शलाकाच्या डोळ्यांत बघत तो म्हणाला, "चांगल्या होत्या बिचाऱ्या." मग त्याने चाळीसही डुकरांना मागे वळवलं. जाताना रेघांवरची फक्की तो पायाने पुसत गेला.

शलाका हलली नाही. तिला त्याचे आभार मानायचे होते. पण दिवस नुकता उगवला होता.

तात्पर्य: मुलांनो, हक्कासाठी नेहमी आवाज उठवावा, मात्र तो कुठे ठेवणार आहेत, ते आधी विचारून घ्यावं. आणि आपली एखादी गोष्ट टिकावी असं मनापासून वाटत असेल, तर ती अजून वापरात आहे, हे कोणाला कळू देऊ नये.