धामणखोलची काडी

शनिवार, २२ ऑगस्ट. आभाळ सकाळपासून भरलेलं, पाऊस नाही, वारा नाही; हवा दमट, म्हणजे कलम धरायला उत्तम. त्या दिवशी तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर, तरुण बागायतदार मंडळाची विद्यार्थी अध्यक्ष कस्तुरी राऊळ हिच्या डाव्या दंडावर बांधलेल्या आंब्याच्या काडीला फुटवा आला.

मंडळात हार-तुऱ्यांना मनाई होती. अध्यक्ष दौऱ्यावर आले की शाखेची मुलं त्यांच्या दंडावर तिरका काप घेऊन आपल्या बागेतली काडी बसवत आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळत. चार-आठ दिवसांत काडी सुकून पडे. स्वागत पोचलं, असं समजत. जगलीच तर अध्यक्ष त्या शाखेचे होत आणि शाखा त्यांना बागेत लावून घेई. हापूसच्या झाडाला कोणी खालच्या रायवळ खुंटाचं नाव देत नाही, तसंच हे.

फुटवा आधी दिसला तो गौरेश धुरीला. तो मंडळाचा चिटणीस, कस्तुरीच्याच वर्गातला. दौऱ्यात तिची बॅग तोच उचलायचा. भाताच्या दाण्याएवढं तांबूस टोक पट्टीतून वर आलं होतं. कस्तुरीने बाही खाली ओढली.

"गौऱ्या, कोणाला सांगू नकोस."

त्याने मान हलवली. पण गाडीत ती खिडकीशी बसली आणि तिची डाव्या हाताची बोटं आपोआप उजेडाकडे वळली. तिने ती ओढून मांडीखाली दाबली. थोड्या वेळाने म्हणाली, हाताला तहान लागली आहे, घशाला नाही. गौरेशने तिच्या मनगटावर बाटलीतलं पाणी ओतलं. ते खाली गळलं नाही.

काडी काढता येत होती. जिवंत काडी टाकून मात्र देता येत नसे. ती दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या दंडावर, त्याच्या संमतीने, पान उघडायच्या आत बांधावी लागे. गाडीत दुसरा पदाधिकारी एकच होता, गौरेश. कस्तुरीने त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला की एवढ्या गोष्टीला कार्यकारिणीचा ठराव लागेल.

"तुझा दंड लागेल," ती म्हणाली. "ठराव कशाला?"

पुढच्या थांब्यावर उतरून, फक्त विचारून ठेवावं म्हणून, त्याने, ही काडी जिथली होती त्या धामणखोल शाखेच्या वासुदेव नाईकांना फोन लावला. नाईक प्रेमळ माणूस. ते म्हणाले, "खड्डो मारून ठेवतंव. तुमी सावकाश येवा."

दुपारी दोघं धामणखोलला पोचली. विहिरीशेजारी सहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष उल्हास परब उभे होते, गुडघ्यापर्यंत मातीत. खांद्यावरच्या फांद्या नीट छाटलेल्या. त्यांनी कस्तुरीची विचारपूस केली, परीक्षा कधी आहे विचारलं. मग म्हणाले, "पयला वरीस जड जाता. मगे कोण पाणी घालूक इसारलो, तर तेवढाच वायट वाटता."

"मला सोमवारी घरी जायचंय," कस्तुरी म्हणाली. "आईला सांगून आलेय."

नाईकांनी तिची बाही हलक्या हाताने वर केली. पान अजून मिटलेलं होतं. त्यांनी चाकू पुसला, नवी पट्टी काढली आणि गौरेशकडे वळले. "चिटणीस, काडी घेतास? इचारूचा लागता."

शाखेची मुलं भोवती जमली. गौरेशने बाहीचं बटण काढलं. खड्ड्याकडे पाहिलं. तळाशी शेणखत पसरलेलं होतं, कडेला झारी भरून ठेवलेली होती.

"गौऱ्या, नुसतं हो म्हण," कस्तुरी म्हणाली. "माझ्याकडे बघ आणि हो म्हण."

त्याने बटण पुन्हा लावलं. "ठराव असता तर," तो म्हणाला.

नाईक वाट पाहत थांबले. चाकू त्यांनी हातातच धरला होता. सगळ्यांच्या देखत पान उघडलं.

कस्तुरी राऊळ हिला चार वाजून दहा मिनिटांनी विहिरीच्या उत्तरेला लावण्यात आलं. उरलेल्या दौऱ्यासाठी अध्यक्ष म्हणून गौरेश धुरी यांचं नाव आलं आणि ते एकमताने मंजूर झालं. कस्तुरीनेही उजवा हात वर केला. साडेपाच वाजता धामणखोल शाखेने नव्या अध्यक्षांचं स्वागत केलं.