मधल्या दोन बाजू

रविवारी सकाळी रंगराव पोवारांच्या घरी गेलात, तर माणूस ध्यानाला बसलाय असाच तुमचा समज व्हायचा. समोर रेकॉर्ड प्लेअर, तोही बंद. रंगरावांचे डोळे मिटलेले, मिशा स्थिर आणि उजवा हात चौकातल्या पोलिसासारखा वर. म्हणजे बोलायचं नाही. चहा आला तरी कपबशीचा आवाज करायचा नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या बंद प्लेअरकडे बराच वेळ भक्तिभावानं बघत बसलो होतो. शेवटी न राहवून विचारलं, काही बिघडलंय का? त्यांनी एक डोळा उघडला.

"मधल्या दोन बाजू चालल्यात मास्तर," म्हणाले, आणि डोळा मिटला.

मी तेव्हा कोल्हापुरात नवा होतो. एका शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि मंगळवार पेठेत त्यांच्या समोरच भाड्यानं राहायचो. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. रंगरावांची शाहूपुरीत गुळाची अडत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. दुकानात माणूस इतका तिरसट, की गिऱ्हाइकानं गुळाचा रवा, म्हणजे ढेप, नुसती बोटानं दाबली तरी "पावणं, घेणार हायसा की चेपून बघायला आलाय?" असं विचारायचे. आणि घरी? घरी हे गृहस्थ विलायतेतल्या एका बॅन्डचे भक्त. त्या बॅन्डचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. ते 'ती पाचजणं' म्हणत, घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं.

हे खूळ लागलं ते गुळामुळंच. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ दिनकर धंद्याच्या कामानं मुंबईला गेले होते. तिथं फुटपाथवर एका पाकिटात दोन रेकॉर्डी दिसल्या. पाकिटावर चित्र होतं, रात्रीच्या शेतातून कंदील घेऊन चाललेली माणसं. ही ऊसतोडीवालीच, असं अण्णांनी तिथल्या तिथं ठरवलं. पुढं मुंबईला गूळ घेऊन गेलेला ट्रक परत यायचा तो ड्रायव्हरच्या सीटखाली त्या पाचजणांची एखादी रेकॉर्ड घेऊनच. कपाट भरलं. पण पहिली ती पहिली. तिच्यावर दोघांचा सारखाच जीव.

त्या गाण्यांची लांबी ऐकून मी तर हबकलोच होतो. एक गाणं म्हणजे रेकॉर्डची अख्खी एक बाजू. अण्णांना मात्र रेडिओवरची गाणी म्हणजे पोरखेळ वाटायची.

"रस काहिलीत घातला की लगेच गूळ हुतो व्हय?" ते मला समजावत. "आदी मळी वर येती. ती काढायची. मग कढ. मग जाळ बारीक. ही पाचजणं अस्सल गुळवे हायत."

ढोल जोरात आला की घाणा सुरू झाला, बासरी आली की काहील उतरली. आणि एक नियम अगदी कडक. एकदा सुई टेकवली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही, आवडलेला तुकडा पुन्हा लावायचा नाही. काहील मधेच उतरवली तर हाती काकवी लागते, गूळ नव्हे. एकदा त्यांच्या साडूंनी हौसेनं सुई मागं नेली, तर त्यांना जेवायचं ताट वाढलेलं असताना उठून घरी जावं लागलं.

मी इंग्रजीचा मास्तर म्हणून त्यांनी मला गाण्यांचा अर्थ विचारला होता. मी चार रात्री खपून सांगितला. नायक आरशात शिरतो, त्याची सावली हरवते, वगैरे. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच? मग आमचं हाय तेच बरं." त्यांचं असं होतं, की पहिल्या बाजूला एक गडी घर सोडतो, दुसरीला वाट चुकतो, तिसरीला मारामारी, आणि चौथीला घरी परत येतो. मी पुन्हा अर्थ सांगायच्या फंदात पडलो नाही.

आता त्या बंद प्लेअरचं.

वडील गेल्यावर दोघा भावांत दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून वाजलं. विषय वाटणीपर्यंत गेला. पंच म्हणून मामा आले. मामा न्यायाला फार कडक. दुकान वाटलं, म्हशी वाटल्या, घराच्या मधोमध भिंत घातली. मग रेकॉर्डी. एक ह्याला, एक त्याला. शेवटी मुंबईचं ते पहिलं जोडपाकीट उरलं. मामांनी उघडून पाहिलं, म्हणाले, दोन थाळ्या हायत न्हवं? एक एक घ्या. पाकीट घडीवर कात्रीनं मधोमध कापलं. दोघा भावांनी, पंचांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी शपथ घेऊन अंगारा लावला होता. दोघांनी आपापली थाळी उचलली.

घोटाळा पुढंच आहे. त्या काळी तिकडं विलायतेत प्लेअरवर रेकॉर्डी एकावर एक रचून वाजवायची सोय होती; आधी दोन्हींच्या वरच्या बाजू, मग गठ्ठा उलटून खालच्या. त्यामुळं एका रेकॉर्डवर पहिली आणि चौथी बाजू, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. म्हणजे अण्णांच्या वाट्याला घर सोडणं आणि घरी परतणं आलं. मधलं सगळं वाट चुकणं दिनकरकडं गेलं.

दोघांचा अबोला सुरू झाला तो कायमचा. घरामागच्या परड्यात जावाजावांची भाजीची देवघेव चालायची, बोलणं चालायचं, पण हे दोघं एकमेकांना रस्त्यात दिसले तरी माना वळवायचे. फक्त रविवारी सकाळी अण्णा पहिली बाजू मोठ्यानं लावायचे. ती संपली की हात वर करून बसायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी जरा कान दिला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंतीपलीकडून धप् धप् असा ढोल येत होता. दिनकर त्याच्या वाट्याच्या दोन बाजू लावत होता. त्या संपल्या की अण्णा उठून चौथी लावत. दर रविवारी हे असं. ना निरोप, ना ठरवाठरव. मला दोघांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. माझाही सख्खा भाऊ आहे, पण आमच्या पत्रांत हवापाण्याखेरीज काही नसतं.

एका रविवारी पहिली बाजू संपली. अण्णांनी हात वर केला. पलीकडून काहीच नाही. हात हळूहळू खाली आला.

"गावाला गेला असंल," ते म्हणाले.

दिनकरची स्कूटर दारातच होती. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, आत्ताच जाऊबाई परड्यात भेटल्या, भावजी घरी हायत की. अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिथं कान लावला. मग दुसरा कान लावला. मग मलाही लावायला लावला, मास्तरांचे कान तरणे म्हणून. काही नाही. ते खुर्चीत बसले, उठले, परत बसले. एवढा आडदांड माणूस, पण चेहरा पार उतरला होता. चौथी लावा, असं मी सुचवलं.

"वाट चुकल्याबिगर घरी कसा येणार त्यो?" अण्णा म्हणाले. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि बाहेर पडले. मीही मागोमाग गेलो.

दिनकरनं दार उघडलं. अंगात बनियन, डोळ्यांवर चष्मा, आणि तळहातावर प्लेअरची सुई. चांगली वाकलेली.

"मोडली," तो म्हणाला.

"मग सांगायचं न्हवं?"

"कुनाला?"

 अण्णा उंबऱ्यावरच्या रांगोळीकडे बघत उभे राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी सुई चांगली हाय. घिऊन ये तुझी थाळी."

भिंत घातल्यापासून पहिल्यांदाच चारही बाजू एका खोलीत वाजल्या. वहिनींनी चहा दोनदा केला. दिनकर अगदी पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकला होता. एवढी वर्षं भिंतीतून नुसता ढोल ऐकलेल्या अण्णांना मधलं सगळं आता नव्यानं ऐकू येत होतं, आणि ते डोळे मिटायचंसुद्धा विसरले होते.  चौथी बाजू संपत आली. शेवटी एकटी बासरी उरते, अगदी बारीक.

"ही हाय की अजून," दिनकर एकदम म्हणाला. "भित्तीतनं येतच न्हवती रं अण्णा, इसरलोच हुतो. ढोल थांबला की मी आपला समजायचो, संपलं."

 बासरी संपली, सुई आतल्या रेघेवर खरखरू लागली. मग अण्णा उठले. साडूंना ताटावरून उठवणाऱ्या त्या माणसानं सुई उचलली, वाकून, डोळे बारीक करून नेमकी जागा शोधली आणि ती पुन्हा बासरीच्या सुरुवातीला टेकवली.

"ऐक," म्हणाले, आणि धाकट्या भावाच्या शेजारी बसले.