निमकर मॅडम आणि स्पेसबार

देवासच्या आमच्या कॉलेजात निमकर मॅडमनी एकदा स्टाफरूममधल्या कीबोर्डाची स्पेसबारच उपटून खणात टाकली होती.

मॅडम गणिताच्या, मी फिजिक्सचा कुलकर्णी, स्टाफरूम एकच. परीक्षेचे पेपर त्या स्वतः लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायच्या. म्हणजे पानावरची गोष्ट हाताने सरकवायची नाही, आज्ञा लिहून सांगायची. आम्ही बाकीचे मात्र प्रश्नाचे गुण उजव्या कडेला जाईपर्यंत स्पेसबार बडवायचो, तरी ते वाकडेतिकडेच राहायचे.

"हे गुण आहेत की मांडूचा घाट? ढकलाढकली कसली करता हो, कुलकर्णी!"

त्यांनी लाटेकमध्ये 'प्रश्न' नावाचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रश्नाचा तयार साचा, बनवलं होतं. सुरुवातीला फक्त गुण किती ते सांगायचं. क्रमांक, समास सगळं आपोआप. "बाहेरून सांगा, आत लुडबुड नको," हे त्यांचं ब्रीद. एकदा ऑफिसातल्या दुबेजींनी मधे हाताने क्रमांक घातले आणि अख्ख्या पेपरात ते दोन-दोनदा छापून आले.

"मैडम, नंबर दिख नहीं रहा था, तो..."

"छापने पे दिखता है, भिया!" पारा चढला की मॅडम मराठी सोडून हिंदीवर यायच्या.

मग डही गावाहून संगीता आली. बी.एस्सी.ची मुलगी, हुशार, पण नजर फार अधू. पेपरला नाक टेकवून वाचायची. निम्मा वेळ वाचण्यातच जायचा. मॅडम तडक प्राचार्यांकडे गेल्या. मला साक्षीदार म्हणून ओढलं.

"एका मुलीसाठी मोठ्या अक्षरांचा पेपर?" प्राचार्य म्हणाले. "उद्या सगळेच मागतील."

"सर, तुम्ही चष्मा लावता. आम्ही कुणी मागितला?"

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पण वेगळा पेपर म्हटलं की शंका येतात, मॅडम."

"वेगळा नाहीच! एक शब्द बदलणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी आपल्या एन्व्हायर्नमेंटला आणखी एक गोष्ट विचारायला शिकवलं: अक्षर केवढं? सांगितलं नाही तर नेहमीचं, सांगितलं तर तेवढं. लांबलचक समीकरणं समासाबाहेर पळाली, तेव्हा मॅडमनी त्यांनाही झापलं आणि एकेक मोडून दोन ओळींत बसवलं. दोन्ही पेपर प्राचार्यांपुढे आपटले. त्यांनी बोट ठेवून ओळन् ओळ ताडून पाहिली आणि सही केली.

परीक्षेला सुपरव्हिजन आमच्या दोघांचं होतं. संगीताने पेपर उघडला. बाकावर ठेवला. ताठ बसून वाचला आणि लगेच लिहायला लागली.

मॅडम तिच्यामागे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग झटकन व्हरांड्यात गेल्या. पाठोपाठ त्यांचा आवाज आला म्हणून मी दारातून डोकावलो. शिपाई भेदरून उभा होता.

"ये मटका यहाँ किसने रखा?"

"मैडम, ये तो बरसों से यहीं है।"

"तो खड़े क्या हो? पानी दो!"

त्याने पेला भरून दिला. मॅडम प्यायल्या नाहीत. भिंतीकडे वळल्या, पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ डोळे धूत राहिल्या.