खेकड्याचा दृष्टान्त

प्रतिक्षाने पुन्हा अर्ध्या जेवणातच हात आखडता घेतला आणि पार्वतीबाईंचा पारा चढला.

"दोन जिवाच्या बाईनं असं चिमणीवानी खाल्लं तर कसं व्हायचं? काय खावं वाटतं ते तोंड उघडून सांग की. शिरा करू? खीर करू?"

"काय न्हाई, आत्याबाई. बराबर हाय सगळं," असं म्हणत सुनेने ताट उचललं.

पलीकडे भिंतीला टेकून ग्यानबा बैलाचं दावं वळत बसले होते. त्यांचा मुलगा रुद्र वाळूजला कंपनीत होता. सुनेला पाचवा महिना लागलेला. सेनगावच्या डॉक्टरीणबाईंनी रस्त्याची अवस्था ऐकून तिचा जीपचा प्रवास बंद केला होता, त्यामुळे माहेरी धाडायचीही सोय नव्हती. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि ग्यानबांना ते बघवत नव्हतं. पण सासऱ्याने सुनेला डोहाळे कसे विचारायचे? ते दावं वळत राहिले.

थोड्या वेळाने परसात प्रतिक्षा आईशी फोनवर बोलू लागली. फोनचा आवाज मोठा आणि भिंत बुटकी, त्यात ग्यानबांचा काय दोष?

"आई, मला सारखा वढ्यातल्या खेकड्याचा रस्सा दिसून राहिला. डोळे मिटले तरी तोच."

"बया! त्या घरात खेकड्याचं नाव काढू नको," तिकडून विहीणबाई म्हणाल्या. "माळकरी माणसं हायेत. मुकाट खीर खा."

ग्यानबांच्या हातातलं दावं सुटलं. घर माळकरी म्हणजे कडक माळकरी. अंड्याने त्या घराचा उंबरा कधी पाहिला नव्हता. शेजारी मटण शिजलं तर पार्वतीबाई खिडकी लावून उदबत्ती पेटवत. पण डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचा कान फुटतो, हे काय ग्यानबांना ठाऊक नव्हतं? एकीकडे विठ्ठल आणि दुसरीकडे नातवाचा कान. शिवाय श्रावण तोंडावर आलेला. एकदा तो लागला की गावात खेकड्याचं नाव घ्यायचीही चोरी.

विकत आणावेत तर सेनगावच्या बाजारात गावातलं कुणी ना कुणी भेटणारच, आणि जीप गावात यायच्या आधी बातमी येणार. कुणाला सांगावं तरी तेच. तेव्हा आपल्या घरची गरज आपणच भागवायची, असं त्यांनी ठरवलं. अडचण एवढीच होती की खेकडा कसा धरतात, हे त्यांना बिलकुल माहीत नव्हतं.

शेजारच्या शेतात नेमसिंग सोयाबीन कोळपत होता. वढ्यातलं सगळं खाऊन मोठा झालेला गडी. ग्यानबा बांधावर टेकले, पावसापाण्याचं बोलले आणि मग सहज विचारावं तसं म्हणाले, "नेमसिंग, खेकडा कसा धरतेत रे?"

नेमसिंगने कोळपं थांबवलं. "तुमाला काहून पायजे, ग्यानबा काका?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा मोठं खोटं बोलतो. "देवळात दृष्टान्त द्यायचाय," ग्यानबा म्हणाले.

"खेकड्याचा?"

"का? त्याच्यात देव न्हाई का?"

नेमसिंगने देवाच्या नावावर सगळं सांगून टाकलं. वढ्याच्या काठाला पत्र्याचा डबा पुरायचा, तोंड जमिनीबराबर ठेवायचं. आत आमिष टाकायचं. खेकडा वासाने येतो, आत पडतो आणि पत्रा गुळगुळीत म्हणून त्याला वर चढता येत नाही.

"आमिष कसलं?"

"कोंबडीची आतडी. झकास काम करतेत."

ग्यानबांनी दोन्ही कानांना हात लावले.

तेलाचा रिकामा डबा मिळाला, वढ्याच्या वळणावर झुडपाआड जागा मिळाली, खड्डाही झाला. प्रश्न आमिषाचा होता. आतडी हातात धरणं तर सोडाच, तोंडाने म्हणणंही त्यांना जमलं नसतं. मग त्यांनी घरातलं जे उत्तम ते नेलं. पहिल्या दिवशी ठेचा-भाकरी. सकाळी डब्यात एक बेडूक होता आणि भाकरी तशीच होती. दुसऱ्या दिवशी पिठलं. पिठल्याला कुणी शिवलंच नाही. मग त्यांनी शेंगदाण्याचा लाडू ठेवला. डबा मुंगळ्यांनी भरला आणि त्यांना बाहेर काढताना ग्यानबांचे दोन्ही हात सुजले.

"हाताला काय झालं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मुंगळे."

"आन् डब्यातले लाडू?"

"तेच खाऊन राहिले मुंगळे," ग्यानबा म्हणाले. निदान एवढं तरी खरं होतं.

इकडे नेमसिंग स्वस्थ बसला नव्हता. ग्यानबा काका देवळात खेकड्याचा दृष्टान्त देणार, ही बातमी त्याने चावडीवर सांगितली. चावडीवरून ती मारुतीच्या देवळात पोथी वाचणाऱ्या विष्णुपंतांकडे गेली. विष्णुपंतांना आयुष्यभर बैल, हत्ती आणि मुंगीचेच दृष्टान्त ऐकून कंटाळा आला होता. त्या संध्याकाळी हरिपाठ संपताच ते उभे राहिले.

"मंडळी, आज ग्यानबा दोन शब्द सांगतील. विषय आहे खेकडा."

ग्यानबांना घाम फुटला. पुढे गडी माणसं, मागे बाया, आणि बायांमध्ये पार्वतीबाई. पळायला वाट नव्हती. ते उठले, टाळ खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"रामकृष्णहरी. मंडळी, खेकडा." एवढं बोलून ते थांबले. "खेकडा तिरपा चालतो."

"वा!" विष्णुपंत म्हणाले.

पुढे काही सुचेना, तेव्हा बिचाऱ्याने जे माहीत होतं तेच सांगितलं. "त्याला आपण ठेचा-भाकर दिली. येत न्हाई. पिठलं दिलं. येत न्हाई. शेंगदाण्याचा लाडू दिला, तर मुंगळे आले, पण खेकडा न्हाई आला. आता म्हणावं तरी काय? आपण इतक्या मायेनं देऊन राहिलो, आन् तो काहून खात न्हाई?" ग्यानबांचा आवाज आता खरोखरच रडकुंडीला आला होता. "तर मंडळी, मला वाटतं, आपल्याला जे आवडतं ते आपण त्याला देतो. त्याला काय पायजे, ते कुणी इचारलंच न्हाई."

विष्णुपंतांनी उपरण्याने डोळे पुसले. "काय बोललात, ग्यानबा! भगवंताच्या बाबतीतही आपण हेच करतो." नेमसिंगने टाळ्या वाजवल्या. एका खेकड्याने इतका परमार्थ आजवर कुणाला शिकवला नसेल. बायांच्या घोळक्यात मात्र पार्वतीबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की काय करत होत्या, हे ग्यानबांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ग्यानबा वढ्यावर गेले, ते डबा उकरून घरी आणायलाच. हौस फिटली होती. झुडूप बाजूला सारून त्यांनी डब्यात डोकावलं आणि ते मटकन खालीच बसले. डब्यात खेकडे होते. चांगले तळहाताएवढे, काळेभोर, एकावर एक. आणि प्रत्येकाच्या नांग्या पांढऱ्या दोऱ्याने नीट बांधलेल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. ग्यानबांना आली नाही. खेकडे कसे येतात हे त्यांना कुठे ठाऊक होतं? आपल्यासारख्या अडाण्याला नांगी लागू नये म्हणून पांडुरंगानेच बांधून पाठवले, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी डब्याला हात जोडले, वर धोतराचं पान टाकलं आणि मागच्या वाटेने गोठा गाठला.

नशीबही असं की, पार्वतीबाई गोठ्याच्या दारातच भेटल्या. "मी देवळात चालले," त्या गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाल्या. "लवकर येत न्हाई. कुणी वाट बघू नका." त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हाताला काय झालं?"

"इळा लागला," म्हणत त्या निघूनही गेल्या.

ग्यानबांनी सुनेला गोठ्यात बोलावलं आणि डब्यावरचं कापड काढलं. प्रतिक्षा बघतच राहिली. आधी तिचे डोळे चमकले, मग भरून आले. "मामा, तुमी? माझ्यासाठी?"

"रडू नको. आता ह्याचं पुढं काय करतेत ते सांग."

तिथे गाडी अडली. पोटुश्या बाईने जीव मारायचा नसतो, म्हणून प्रतिक्षाने हात लावायचा नाही. ग्यानबांच्या गळ्यात माळ, म्हणून त्यांनीही लावायचा नाही. खेकडे मात्र डब्यातून दोघांकडे बघत होते. त्यांच्या त्या बांधलेल्या नांग्या बघून ग्यानबांचं मन द्रवलं.

"बिचाऱ्याला आवळून राहिलं आसंल. जरा ढिलं करतो."

"मामा, नका!"

पण तोवर दोरा सुटला होता. खेकड्याने उपकाराची परतफेड ताबडतोब केली. ग्यानबांच्या करंगळीत नांगी रुतली आणि त्यांनी विठ्ठलाला अशी हाक मारली की गोठ्यातला बैल दावं तोडायला निघाला.

"झटकू नका! मागून धरा, मागून!"

असं ओरडत कडब्याच्या गंजीआडून पार्वतीबाई धावत आल्या. देवळात गेलेली बाई कडब्याआडून कशी आली, हे विचारायची ती वेळ नव्हती. त्यांनी खेकड्याच्या पाठीवर अंगठा दाबला, नांगीला एक हिसडा दिला आणि करंगळी सोडवली. मग पदर खोचून खाली बसल्या. एकेक खेकडा उताणा करायचा, नांग्या मोडायच्या, कवच उचकटायचं. असा हात चालला की ग्यानबा करंगळी विसरले.

"अगं, गळ्यात माळ हाय तुझ्या!"

"माळ गळ्यात हाय, हातात न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "पोरी, तीन दगडं मांड. येसर मसाल्याचा डबा आण, आन् ते जर्मनचं पातेलं. घरातलं भांडं नको."

प्रतिक्षाने खाली पडलेला दोरा उचलून बोटावर गुंडाळला. "आत्याबाई, हे तर आपल्या देवाच्या वातीचं सूत हाय."

पार्वतीबाईंचा हात थांबला. ग्यानबांनी दोऱ्याकडे बघितलं, मग चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे. पांडुरंगाचा चमत्कार त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला.

"तू धरलेस हे?"

"मग काय ठेच्याला येणार होते?" पार्वतीबाई फणकारल्या. "माझं माहेर सिद्धेश्वरचं. धरण बघत मोठी झाले मी. बिळात हात घालून काढायचो आमी. काल देवळात तुमी बोलला, तवा कळलं पोरीला काय पायजे ते. वढ्याकाठी मुंगळ्यांची रांग दिसली, तिथंच तुमचा डबा गावला. मी आपली खीर खीर करून राहिले होते."

"मग घरी आणायचे की सरळ! माझ्या डब्यात काहून टाकले?"

"इतकी वर्षं नाक मुरडलं मी. कोणत्या तोंडानं आणू?"

गोठ्यामागे रस्सा रटरटू लागला. येसराचा वास सुटला, तेव्हा पार्वतीबाईंनी उदबत्ती लावली नाही, हे ग्यानबांच्या लक्षात आलं. प्रतिक्षा जेवायला बसली. भाकरी कुस्करून, बोटं चाटून, नाकातून पाणी येईस्तोवर ती जेवली. सासू समोर बसून नांग्यांतला गर काढून तिच्या ताटात ठेवत होती. किती दिवसांनी पोरगी पोटभर जेवत होती. ग्यानबांना इतकं बरं वाटलं की ते बैलाशीच दोन शब्द बोलून आले.

"आत्याबाई," प्रतिक्षाने हात धुताना विचारलं, "तुमाला काय डोहाळे लागले होते?"

"रुद्राच्या वेळेला ना?" ग्यानबा मध्येच उत्साहाने म्हणाले. "खीर! मायनं करून दिली होती. दोन वाट्या खाल्ल्या हिनं. मला बराबर याद हाय."

"खाल्ल्या की," पार्वतीबाई पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "सासूनं इचारलं, खीर पायजे का पुरण? म्या म्हणलं, खीर. दुसरं काय म्हणणार?"

"मग मनात काय होतं?" प्रतिक्षाने विचारलं.

पार्वतीबाई पळी घेऊन रस्सा उगीच ढवळू लागल्या. "रुद्राचा कान चार वर्षं गळत होता," एवढंच म्हणाल्या. मग पदराने पातेलं धरून उठल्या. "उरलंय ते कुत्र्याला टाकते. चांगला मोठा राहिला एक."

"ठेव ते खाली," ग्यानबा म्हणाले.

"आँ?"

"पोरी, तू आत जाऊन पड जरा."

प्रतिक्षा हसू दाबत आत गेली. ग्यानबा उठून बायकोच्या मागे गेले. लग्नानंतर सासऱ्यांनी तिच्या गळ्यात घातलेली तुळशीची माळ त्यांनी आपल्या सुजलेल्या बोटांनी, गाठ न सुटू देता, हलकेच डोक्यावरून काढून घेतली. पार्वतीबाई भांबावल्या.

"खुळे झालात का तुमी? ह्या वयात कसले डोहाळे? देव काय म्हणंल?"

"त्याच्याशी मी बोलतो. तू खा."

"तुमी बघत असल्यावर माझ्यानं न्हाई खाववायचं."

ग्यानबा गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मागे भाकरी मोडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर नांगी फुटल्याचा. ग्यानबांनी मूठ उघडली. माळ अशी रिकामी ठेवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून एकेक मणी सरकवत ते तिच्या वाटचं विठ्ठलाचं नाव घेऊ लागले. सगळी माळ फिरून झाली तरी मागचा आवाज थांबला नव्हता. त्यांनी ती पुन्हा पहिल्या मण्यापासून फिरवायला घेतली.