शाल एक, खेळाडू दोन

एका जंगलात, बाळांनो, टेनिसचं भारी वेड होतं. खेळण्याचं नव्हे, खेळणाऱ्यांना सल्ले देण्याचं.

तिथे कुंदा नावाची खार होती. आधी ती एकेरी खेळायची आणि पहिल्याच फेरीत हरून घरी यायची. मग तिला वत्सला सांबरीण भेटली. खार जाळीपाशी, सांबरीण मागे. खारीच्या डोक्यावरून गेलेला चेंडू सांबरीण परतवायची. दोघींनी दुहेरीत पुष्कळ करंडक आणले, परमुलखातल्या जंगलांतूनही आणले. मागे कोण उभं आहे हे वळून बघावं लागत नाही, एवढंच खारीचं सुख होतं, आणि ते फार मोठं होतं.

जंगलातले जाणकार मात्र दर करंडकानंतर विचारायचे, ते सगळं ठीक, पण एकटी कधी जिंकणार?

पुढे सांबरिणीचे गुडघे दुखू लागले. दोघींनी खेळ थांबवायचं ठरवलं. सिंहमहाराजांनी सत्काराचा हुकूम काढला. खार हरखली. वत्सलाताईच्या शेजारी उभं राहून एकदा टाळ्या ऐकायच्या, एवढीच तिची इच्छा उरली होती.

सत्कार समितीचे अध्यक्ष होते गेंडेसाहेब. त्यांना पेच पडला. रिवाजाप्रमाणे खुर्ची एक, शाल एक, नारळ एक. शाल फाडली तर तिची फडकी होतात. नारळ फोडला तर त्याचा प्रसाद होतो. बराच खल झाला. शेवटी ठरलं, दोघींनी एकमेकींविरुद्ध खेळावं. जिंकेल तिचा सत्कार.

सामन्याला सारं जंगल लोटलं. सांबरीण लंगडत आपल्या जागी गेली. खार तिच्याच बाजूला येऊन जाळीपाशी उभी राहिली.

"कुंदे, पलीकडे जा," सांबरीण हळूच म्हणाली. "मी हरते. सत्कार तुझा होऊ दे."

"नाही जायची, ताई. तू समोर असलीस तर मला खेळताच येणार नाही."

सांबरिणीचे डोळे भरून आले. पंच घुबडाने नियमांचं पुस्तक उघडलं. एकेरीत एकाच बाजूला दोघी, म्हणून दोघी बाद. मग मैदानात उरलं कोण? पलीकडच्या अर्ध्या भागात एक रेडा सकाळपासून चरत होता. गेंडेसाहेबांचा लांबचा मेहुणा. घुबडाने त्यालाच विजेता ठरवलं.

रेड्याला शाल मिळाली. गळ्यात घातलेला हार त्याने तिथल्या तिथे खाल्ला. गेंडेसाहेबांनी त्याच्या एकाकी झुंजीचं तोंडभरून कौतुक केलं. आता त्याची अकादमी आहे. आईबाप फी भरून पिल्लांना पहाटे तिथे चरायला सोडतात.

आणि खार? ती गर्दीत सांबरिणीला चिकटून उभी होती. ताईच्या शेजारी टाळ्या ऐकायची तिची इच्छा पुरी झाली. टाळ्या रेड्याच्या होत्या, एवढंच.

तात्पर्य: एकीचं बळ मोठं असतं, बाळांनो. पण सत्काराला एकट्यानेच जावं, आणि शक्यतो खेळलेलं नसावं.