ट्रेलर या फायलीत नाही

खरं तर फक्त एअर फिल्टर बदलायचा, एवढंच ठरलं होतं. एअर फिल्टरवरून कुणाच्या संसारात आग लागल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे लागली.

आधी परिस्थिती सांगतो. माझ्या कारखान्याने गेल्या वर्षी स्टोअर्स विभाग बंद केला आणि त्याबरोबर मलाही बंद केलं. सव्वीस वर्षं मी तिथे नट, बोल्ट आणि बेअरिंगच्या फायली सांभाळल्या. (निरोपाच्या भाषणात साहेब माझं नाव विसरले, माझ्या कपाटाचा नंबर मात्र त्यांना पाठ होता.) तेव्हापासून घर चालतं ते बायकोच्या खुर्च्यांवर. ती घडीच्या खुर्च्या भाड्याने देते आणि त्यांना मागणी असते मुख्यतः शोकसभांना. फोन आला की ती आधी "अरेरे!" म्हणते, जरा थांबते आणि मग विचारते, "किती लागतील?" कुणीतरी गेल्याशिवाय आपली चूल पेटत नाही आणि पेटते त्यात आपला हात नाही, हा विचार रोज सकाळी चहाबरोबर गिळायचा. वर्षभर मी तो गिळत होतो.

माझ्या वाट्याला एकच काम उरलं होतं, गाडी चालवायचं. जुनी डिझेल पिकअप आणि तिच्यामागे दोन चाकांचा ट्रेलर, त्यात दोनशे खुर्च्या. सपाट रस्त्यावर सगळं ठीक. पण टेकडीवरच्या हॉलचा चढ लागला की गाडी कण्हायला लागायची. मागच्या महिन्यात तिथे पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा हॉलच्या मॅनेजरने बायकोला बाजूला घेतलं. "ताई, पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." आमचं निम्मं काम त्या एका हॉलचं. परतीच्या वाटेवर ती डायरीत उरलेली कामं मोजत बसली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

आता आपणच काहीतरी करून दाखवायला हवं, असं मी ठरवलं. म्हणून एअर फिल्टर.

आमच्या गॅरेजवाल्याला सगळे 'सर्जन' म्हणतात, कारण त्याच्याकडे गेलेली गाडी पोट फाडल्याशिवाय परत येत नाही. त्याने फिल्टर बदलला, बॉनेटवर कोपर टेकलं आणि उसासा टाकला.

"काका, नुसतं नाक साफ करून काय होणार? हिचा श्वासच पुरा पडत नाही."

"मग?"

"सायलेन्सरचा पाइप मोठा टाकू. इंटरकूलर बदलू. शेवटी कॉम्प्युटर लावून ट्यूनिंग. मग बघा, ओझ्यासकट उडेल."

त्याच संध्याकाळी मी फाइल उघडली. 'पिकअप : क्षमतावाढ योजना, टप्पा एक ते चार.' वर्षभराने हातात पंचिंग मशीन घेतलं होतं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मी रकाने आखले, तारखा टाकल्या, मंजुरी मागितली आणि अर्ज मीच मंजूर केला. (तिथे दुसरं कुणी नव्हतंच.)

बायको शेजारी खुर्च्या पुसत होती. "अहो, एक विचारू? ट्रेलर सोडला की गाडी तोच चढ मुकाट्याने चढते ना?"

"चढणारच. ओझं नसतं."

"पण ट्रेलर रिकामा असला तरी कण्हते."

"रिकामा म्हणजे काय तो हवेत तरंगतो?"

"आणि मागून जळका वास येतो."

"वास मागूनच येणार. गाडी पुढे जाते, वास मागे राहतो."

तिने फडकं खाली ठेवलं. "एकदा त्या सर्जनला ट्रेलर दाखवा तरी."

"ट्रेलर या फायलीत नाही," मी म्हणालो.

हे मी आखडूपणाने बोललो नव्हतो. आमच्या स्टोअर्समध्ये वाहनांची फाइल वेगळी आणि त्यांना जोडायच्या सामानाची वेगळी. एकीचा कागद दुसरीत घालणाऱ्याकडे लोक पाकीट मारणाऱ्याकडे बघावं तसं बघत. तेव्हा प्रत्येक टप्प्याच्या वेळी मी इमानदारीत ट्रेलर अंगणात सोडायचो आणि नुसती पिकअप गॅरेजला न्यायचो. चाचणीही तशीच घ्यायचो. गाडी वाऱ्यासारखी पळायची आणि मी घरी येऊन 'समाधानकारक' असं लिहायचो.

चौथा टप्पा संपला त्याच दिवशी फोन वाजला. "अरेरे!" बायको म्हणाली. एक निवृत्त मुख्याध्यापक गेले होते. रविवारी सकाळी दहाला टेकडीवरच्या हॉलमध्ये सभा, दोनशे खुर्च्या.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. चढ सुरू झाला, मी पाय दाबला आणि गाडी अशी उसळली की बायकोने डॅशबोर्ड धरला.

"बघ! तिसऱ्या गिअरमध्ये!"

"वास येतोय."

"चार टप्प्यांची मेहनत आहे ही."

"अहो, धूर!"

"डिझेल गाडी आहे. धूर निघणारच."

"चाकातून?"

मी आरशात बघितलं. ट्रेलरचं डावं चाक धुमसत होतं, आणि गाडी थांबेपर्यंत त्यातून जीभभर जाळही निघाला. बायकोने पिण्याच्या पाण्याचा जार त्यावर ओतला. मी काय केलं असं विचाराल तर मी "पाणी! पाणी!" असं ओरडलो, तिचा जार रिकामा झाल्यावर.

सर्जन स्कूटरवरून आला. चाकापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"काका, या ट्रेलरचा हँडब्रेक किती महिने लागलेला आहे?"

"लिव्हर तर सोडलेली आहे."

"लिव्हर सोडलीये हो. आतली केबल गंजून अडकलीये. ब्रेक कधी सुटतच नव्हता. आधी गाडीत दम नव्हता म्हणून हळूहळू घासत होता, आता तुम्ही जोर लावून पेटवलात." मग त्याने ट्रेलरकडे बोट दाखवलं. "हे मला एकदा तरी दाखवायचं ना!"

बायको माझ्याकडे बघेल म्हणून मी आधीच मान खाली घातली. ती बघत नव्हती. ती खुर्च्या पिकअपमध्ये चढवायला लागली होती.

तीन खेपा झाल्या. पहिल्या खुर्च्या हॉलमध्ये लागल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते. जन्मभर दहाच्या ठोक्याला शाळेचं फाटक बंद करणाऱ्या माणसाच्या शोकसभेला अख्खा हॉल ताटकळत उभा होता. सगळे उभेच होते म्हणून दोन मिनिटांची स्तब्धता त्यांनी आधीच उरकून घेतली होती. मी दोन्ही काखांत खुर्च्या घेऊन काळवंडल्या तोंडाने आत शिरलो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धरा. जवळचे होते का?"

गेल्या वर्षभरात इतक्या मायेनं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं. खुर्च्या खाली ठेवून मी लोकांच्या देखत हुंदके दिले.

"सर वेळेचे फार पक्के होते," ते गृहस्थ म्हणाले आणि बसले.

तोवर मॅनेजरने बायकोला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं होतं. मी काचेबाहेर उभा. आता काम गेलं, आणि ते मीच घालवलं, यात शंका नव्हती. दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

"काम राहिलं."

"काय सांगितलंस त्यांना?"

"यापुढे गाडी मी आणेन म्हटलं."

"पण तुझ्याकडे लायसन्स कुठे आहे?"

तिने पर्समधून काढून दाखवलं. तारीख वर्षभरापूर्वीची होती. "तुमची नोकरी गेली तेव्हाच काढलं. पण तुमच्याकडे एवढंच एक काम उरलं होतं, म्हणून बोलले नाही."

मी किल्ली तिच्या हातात दिली. येताना गाडी तिने चालवली. छान चालवते.

सर्जनने ट्रेलरला नवी केबल घातली आणि माझा मोठा पाइप काढून टाकला. (शोकसभेच्या दारात त्याचा धडधडाट बरा वाटत नाही, असं बायकोचं मत पडलं.) आता ती एकटीच जाते, खुर्च्या उतरवायला हॉलची माणसं असतात. मी घराचं फाटक उघडतो आणि लावतो. परवा सर्जन रस्त्यात भेटला, तर न राहवून विचारलं, चढावर गाडी कशी काय चालते म्हणून.

"झकास! पूर्वीपेक्षा दुप्पट सुटते."

"केबलमुळे ना?"

"केबलचा फरक आहेच, काका," तो जरा घुटमळला, "पण पुढच्या सीटवरचं ऐंशी किलो वजन कमी झालं, तेही धरायला हवं."

ब्याऐंशी आहे. घरी येऊन फायलीत तशी नोंद केली.